घायपात: एकदाच फुलणाऱ्या झाडाचा दहा वर्षांचा पाठ



2024 च्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी मुलं प्रार्थनेच्या रांगेत उभी राहायलाच तयार नव्हती. कुंपणाजवळच्या घायपाताच्या मधोमध एक दांडा उभा राहिला होता. जंगलातल्या वास्त्यासारखा, टोकदार, खवल्यांचा आणि माझ्या मनगटापेक्षा जाड. सुट्टी लागली तेव्हा तिथे काहीच नव्हतं. चौथीतला एक मुलगा धावत आला, "मॅडमजी, केतकीतून बांबू निघाला!"

या दांड्याची आम्ही दहा वर्षं वाट पाहत होतो. आणि तो आला याचा अर्थ झाड आता मरणार, हेही मला माहीत होतं. मुलांना ते कसं सांगायचं, हा विचार त्या दिवशी डोक्यातून गेला नाही.

हा लेख घायपात लावायचं कसं आणि जपायचं कसं यावर आहे. शाळेच्या परसबागेत सहसा तुळस, कढीपत्ता, कोरफड, फार तर जास्वंद असते. घायपात कोणी लावत नाही. काटे असतात, वाढ हळू असते आणि फुलासाठी जो काळ लागतो त्यात शिक्षकाची बदली होऊन जाते. माझं मत मात्र उलटं झालं आहे. कमी पाण्यात जगणाऱ्या झाडांविषयी जे जे शिकवायचं असतं, ते सगळं या एका झाडापाशी उभं राहून शिकवता येतं.

आधी ओळख

घायपात म्हणजे अगेव्ह. मूळ मेक्सिको आणि आसपासच्या भागातलं. आपल्याकडे बांधावर, रेल्वेच्या कडेला, माळावर गुरं आत येऊ नयेत म्हणून लावलेलं दिसतं. मराठवाड्यात आणि विदर्भात याला केकताड म्हणतात. आमच्याकडे काही जण केतकी म्हणतात, पण केतकी म्हणजे खरं तर केवडा, तो वेगळा. मुलांनी दोन्ही नावं वापरली तर मी खोडत नाही, फक्त वहीत तिन्ही नावं लिहायला लावते.

याला खोड असतं, पण इतकं आखूड की पानं थेट जमिनीतून निघाल्यासारखी वाटतात. एका मध्याभोवती सगळी पानं गोल मांडलेली, वरून पाहिलं तर दगडी कमळ. याला पुस्तकात पर्णगुच्छ म्हणतात. पानं जाड, मेणचट, पाणी साठवणारी. आपल्या भागात मुख्यतः दोन प्रकार भेटतात. एकाच्या पानाच्या काठाला वाकडे दाते असतात, तो अमेरिकाना. दुसऱ्याचे काठ जवळजवळ गुळगुळीत आणि फक्त टोकाला काळा काटा, तो सिसालाना, म्हणजे दोरासाठी लावतात तो. आमच्या शाळेतला हा दुसरा.

कोरफडीशी याचा गोंधळ मोठी माणसंही करतात. सोपी परीक्षा अशी: कोरफडीचं पान वाकवलं की कट्कन मोडतं आणि आत गर निघतो. घायपाताचं पान वाकतं, मोडत नाही, कारण आत धागे आहेत. कोरफड जुनी झाली की वर्षावर्षाला फुलते, घायपात आयुष्यात एकदाच. दोघांचं कुळही वेगळं. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ घायपाताला शतावरीच्या कुळात बसवतात, हे ऐकून मुलं हसतात. शतावरीची नाजूक वेल आपल्या जंगलात त्यांनी पाहिलेली असते. एका संकटावर, म्हणजे कोरड्या हवेवर, दोन वेगळ्या कुळांनी एकच तोडगा काढला असं मी त्यांना सांगते.

आम्ही चार लावली, तीन मेली

2014 च्या जूनमध्ये एका पालकांनी त्यांच्या धुऱ्यावरून चार पिल्लं आणून दिली. घायपाताच्या बुडाशी जमिनीखालून फुटवे येतात, त्यांना आम्ही पिल्लं म्हणतो. वीतभर उंचीची होती. मी ती शाळेच्या मागच्या बाजूला ओळीने लावली, आळं केलं आणि मुलांच्या पाळ्या लावल्या, रोज एक तांब्या पाणी.

नागभीड म्हणजे धानाचा मुलूख. आमची माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर बांधीत धान होतं. जुलैत झड लागली, मागच्या बाजूला तीन दिवस पाणी साचलं आणि पिल्लांची मधली पानं पिवळी पडून हातात आली. ओढलं की बुडातून कुजका वास. तीन गेली. चौथं वाचलं ते माझ्या हुशारीने नाही. एका मुलाने ते लावताना ओळ चुकवून जुन्या पडक्या भिंतीच्या ढिगाऱ्यावर खोचलं होतं. मी त्याला रागावलेही होते.

त्यामुळे पहिली गोष्ट जागेची. उंचवटा नसेल तर करा. विटांचे तुकडे, मुरूम, नदीची जाडी रेती आणि थोडी माती असा गुडघ्याच्या खालपर्यंतचा ढीग घाला आणि त्याच्या डोक्यावर झाड लावा. शेणखत एक-दोन मुठी पुरे, जास्त दिलं तर पानं मऊ पडतात. आळं करू नका, उलट झाडाच्या बुडापासून बाहेर उतार द्या. चंद्रपूर-गडचिरोलीत वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. मेक्सिकोच्या कोरड्या टेकडीवरच्या झाडाला आपला उन्हाळा चालतो, आपला पावसाळा जड जातो. मी सुरुवातीला नेमकं उलटं समजून बसले होते. मे महिन्यात शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा बातम्यांत येतो, तेव्हा झाडाची काळजी वाटायची आणि पावसात मी निर्धास्त असायचे.

दुसरं म्हणजे, पिल्लू काढल्यावर लगेच लावू नका. जिथे कापलं ती जखम सावलीत तीन-चार दिवस सुकू द्या, पापुद्रा धरला की लावा. लावताना पानांचा मध्य मातीच्या वर राहिला पाहिजे, मध्यात माती गेली की कुजणं सुरू. पहिलं वर्ष उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी, तेही माती पूर्ण कोरडी झाली असेल तरच. पुढे जमिनीतल्या झाडाला आम्ही पाणी घातलंच नाही. तहान लागली की पानं थोडी आत वळतात आणि पातळ होतात, पाऊस झाला की पुन्हा फुगतात. एका पानाची जाडी मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये मोजून बघा, मुलांना मोजपट्टीवर फरक दिसतो.

अंतर मोकळं सोडा. लावताना वीतभर दिसणारं झाड पूर्ण वाढल्यावर दोन-अडीच मीटरचा घेर घेतं. पायवाट, खेळाचं मैदान, हातपंप यांच्याजवळ लावायचंच नाही.

काटा

2016 मध्ये चेंडू आणायला गेलेल्या एका मुलाच्या पोटरीत काटा घुसला. फार खोल नव्हता, पण सुजलं. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. ओरडले नाहीत, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मॅडम, काट्याचं झाड शाळेत कायले पाहिजे जी? लेकरं शिकाले येतात."

माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत झाड काढून टाकायचा विषय निघाला आणि माझंही मन अर्धं तिकडे झुकलं होतं. तोडगा त्या आजोबांनीच सुचवला. धुऱ्यावर बैलांची वाट असेल तर त्यांच्याकडे केकताडाची टोकं विळ्याने छाटून टाकत. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मोठ्या माणसाने कात्रीने प्रत्येक पानाचा फक्त काळा काटा काढायचा, हिरव्या भागाला धक्का न लावता, असा नियम झाला. पानाला त्याने काही होत नाही. शिवाय चारही बाजूंनी बांबूचं कुंपण. दाते असलेला अमेरिकाना मात्र शाळेत नकोच असं मी आता स्पष्ट सांगते, त्याचे काठ छाटता येत नाहीत.

पानाचा रसही अंगाला लागू देऊ नका. त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे. अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो, त्यामागेही हेच. त्वचेला आग आणि खाज सुटते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि डोळ्यांपासून दूर. लहान मुलांनी पान कापायचं नाही.

आणखी एक गोष्ट मला आशाताईंनी दाखवली, ती कुठल्याही बागकामाच्या पुस्तकात मला सापडली नव्हती. पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी साठून राहतं आणि त्यात डासांच्या अळ्या होतात. डेंग्यूचे दिवस असतात ते. पावसाळ्यात आठवड्याच्या कोरड्या दिवशी आम्ही लांब काठीला कापड बांधून बेचकी पुसून काढतो.

पानांची गणितं

झाड चांगलं हातभर झालं की वर्गाला बाहेर न्या. कोवळ्या पानापासून सुरुवात करून, ज्या क्रमाने पानं जन्मली त्या क्रमाने उलटं जात प्रत्येकावर खडूने आकडा लिहा. पहिल्या आणि दुसऱ्या पानात किती अंश? कंपासपेटीतला कोनमापक तोकडा पडतो, आम्ही पुठ्ठ्याचा मोठा केला. साधारण एकशे सदतीस-अडतीस अंश येतात. मोजमापात चूक होतेच, पण सरासरी तिथेच घुटमळते. पहिल्या पानापासून आठ पानं पुढे गेलं की जे पान येतं ते जवळजवळ पहिल्याच्याच दिशेला असतं, थोडं एका बाजूला. तेरा पुढे गेलं की पुन्हा जवळ, पण दुसऱ्या बाजूला. अगदी डोक्यावर डोकं मात्र कधीच नाही. म्हणून खालच्या पानालाही ऊन मिळतं, आणि पावसाचा थेंब कुठेही पडला तरी पन्हळीतून मुळाशी जातो.

त्याच दिवशी कोरफडीची पिल्लं बघायला विसरू नका. लहान कोरफडीची पानं गोल नसतात, दोनच ओळींत समोरासमोर असतात, पुस्तकाच्या पानांसारखी. मोठी होताना ती हळूहळू वळत जाते आणि गुच्छ होतो. घरोघरी कोरफड आहे, पण हे पाहिलेलं माणूस मला क्वचित भेटलं. मीही मुलांबरोबरच पहिल्यांदा पाहिलं.

बांधावर अमेरिकाना दिसला तर लांबूनच त्याच्या पानाची पाठ बघा. दात्यांची एक नक्षी उठलेली असते. मधल्या सुळक्यात पानं एकमेकांना घट्ट आवळलेली असताना शेजारच्या पानाच्या दात्यांनी तो ठसा उमटवलेला असतो, आणि पान मोठं झालं तरी तो जात नाही.

रात्री उघडणारी तोंडं

मी कित्येक वर्षं फळ्यावर एकच वाक्य लिहीत आले: वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड आत घेतात. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पानाची छिद्रं उघडी राहिली की पाणी उडून जातं असं तुम्हीच सांगितलं. मग एवढ्या उन्हात छिद्रं उघडी ठेवून हे झाड वाळत कसं नाही?" मी म्हटलं, जाड पान आहे ना म्हणून. अर्धंच उत्तर होतं ते, आणि तिला ते पटलेलं दिसलं नाही.

खरं उत्तर हे की घायपात दिवसा छिद्रं बहुतांशी मिटून ठेवतं. रात्री हवा गार झाली की उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि तो आम्लाच्या रूपात पानात साठवतं. सकाळी छिद्रं बंद. मग दिवसभर त्या साठ्यातून काढून उन्हाच्या मदतीने अन्न तयार करतं. मजा म्हणजे या गोष्टीचा एक महत्त्वाचा धागा भारतात सापडला आणि तोही आपल्या ओळखीच्या पानफुटीत. बेंजामिन हाइन नावाचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत होते. पानफुटीचं पान सकाळी चांगलं आंबट लागतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळकडे कडवट, हे त्यांनी चाखून पाहिलं आणि लंडनला पत्राने कळवलं. ते 1815 मध्ये छापलं गेलं. पुढे या पद्धतीला जे शास्त्रीय नाव मिळालं ते पानफुटीच्याच कुळावरून, क्रॅसुलेसीवरून.

मुलांना पान चाखू द्यायचं नाही, हे ठामपणे सांगा. पानफुटी पोटात जाणं चांगलं नाही आणि घायपाताचा रस तर नाहीच. त्याऐवजी असं करा. पहाटे शाळेजवळ राहणाऱ्या मुलाने पानफुटीचं एक पान तोडून लगेच ठेचून, रस गाळून बाटलीत ठेवायचा. दुपारी तीनला त्याच झाडाचं तेवढंच पान तसंच. दोन्ही रसांचे पाच-पाच थेंब वेगवेगळ्या वाटीत घ्या, त्यात जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क घाला. सकाळच्या रसात रंग जास्त गुलाबी. आता पानवाल्याकडचा चुना पाण्यात कालवून वरची निवळी घ्या आणि रंग हिरवटाकडे वळेपर्यंत थेंब-थेंब मोजत टाका. सकाळच्या रसाला निवळीचे थेंब कितीतरी जास्त लागतात. आदल्या दिवशी ढग असतील तर फरक कमी येतो, निराश होऊ नका, ऊन असलेला दिवस धरा. निवळी डोळ्यात जाणार नाही याची काळजी मोठ्यांनी घ्यायची.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती तोवर आठवीला दुसऱ्या शाळेत गेली होती. तिच्या धाकट्या भावाकडे निरोप दिला.

पालकांसाठी एक पोटकलम. नागपूरहून हौसेने आणलेली छोटी, गुलाबासारखी दिसणारी सक्युलंटं आपल्याकडे मेमध्ये का मरतात, त्याचं एक कारण इथेच आहे. एचेवेरिया नावाची जी निळसर-गुलाबी गुच्छांची झाडं मिळतात ती मेक्सिकोच्या उंच, गार रात्रींच्या डोंगरांतली. रात्र गार झाली तरच त्यांचं तोंड नीट उघडतं. आपल्याकडे मेमध्ये मध्यरात्रीही भिंती गरम असतात. झाड दिवसा बंद, रात्रीही नीट घेत नाही आणि आपण सुकतंय म्हणून वरून पाणी घालतो. एचेवेरिया हवीच असेल तर मार्च ते जून सकाळचंच ऊन, दुपारी सावली, पाणी अगदी थोडं आणि मातीवर, पानांच्या मध्यात नाही. पावसाळ्यात पडवीखाली. त्यापेक्षा हॉवर्थिया घ्या, ती सावलीत राहते आणि चुका पोटात घालते. कुंडी मातीची, बुडाला मोठं भोक असलेली. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापडाने पुसून काढा.

दोर

घायपाताचा विषय दोराशिवाय पुरा होत नाही. पोळ्याला बैलाच्या अंगावर जे दोर चढायचे, विहिरीवर जे सोल चालायचे, त्यात अंबाडीबरोबर केकताडाचा वाटा मोठा होता. महाराष्ट्रात हे दोर वळण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या कारागिरांनी केलं. पान कुजवणं, धुणं, पिंजणं, पीळ देणं हे सगळं हाताने, खाज सोसून. नायलॉन आलं आणि ते कसब बाजूला पडलं. वर्गात दोराचा पाठ घेताना ही माणसं वगळू नका.

शाळेत करायचं तर तिसऱ्या वर्षानंतर, आणि फक्त खालची, आडवी झालेली पानं. एका वेळी झाडावर निदान पंधरा पानं राहिली पाहिजेत. पान लाकडी फळीवर ठेवून बोथट पट्टीने खरवडलं की गर निघून जातो आणि पांढरे धागे उरतात. पानाच्या वजनात धागा जेमतेम शेकडा चार. एका दांडग्या पानातून ढोबळमानाने हजारभर धागे निघतात. हे काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी धुतलेल्या धाग्याचा पीळ घालायचा.

पानं कुजवायला बोडीत किंवा तलावात टाकू नका. जुनी माणसं टाकत असत, पण या रसातला फेसाळ पदार्थ माशांना विषारी असतो. घोडाझरीच्या पाण्यावर आणि गावोगावच्या तलावांवर मासेमारी करणारी घरं आपल्या वर्गात आहेत. ड्रममध्ये कुजवा, आणि ते पाणी कडेला खड्ड्यात जिरवा. वास भयंकर येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

या धाग्याने जगभर किती उलथापालथ केली ते एका गोष्टीतून सांगते. सिसाल हे मेक्सिकोच्या युकातानमधलं बंदर, तिथून धागा निघायचा म्हणून हे नाव. 1893 मध्ये रिखार्ड हिंडोर्फ या जर्मन कृषितज्ज्ञांनी फ्लोरिडाहून हजार रोपटी पूर्व आफ्रिकेसाठी मागवली. लांबच्या प्रवासात बहुतेक गेली. टांगा बंदरात पोचली तेव्हा 62 जिवंत होती. आजच्या टांझानियातले मैलोन्मैल पसरलेले घायपाताचे मळे त्या 62 पासून सुरू झाले. माझी चारातली तीन मेली होती तेव्हा ही गोष्ट मला माहीत नव्हती, असती तर जरा धीर आला असता. आपल्या देशात या पिकाचं संशोधन केंद्र ओडिशात बामरा इथे आहे.

वही

2014 पासून आम्ही घायपाताची एक वही ठेवली. महिन्यातून एकदा पानं मोजायची, सर्वांत लांब पान मोजायचं, काही वेगळं दिसलं तर लिहायचं. 2018 मध्ये माझी बदली झाली, 2023 मध्ये मी परत आले. मधल्या काळात सहकाऱ्यांनी वही चालू ठेवली. 2020 आणि 2021 ची बरीच पानं कोरी आहेत, शाळाच बंद होती. झाडाच्या बुडाशी मात्र गळालेल्या पानांचे वण होते. मुलांनी ते मोजून कोऱ्या महिन्यांत अंदाजे किती पानं आली असतील याचा हिशेब मांडला. एकूण 187 भरली. चांगल्या घायपाताला आयुष्यात दोनशे-अडीचशे येतात असं म्हणतात, आमचं जरा कमी पडलं.

2024 च्या उन्हाळ्यातली एक नोंद नंतर महत्त्वाची ठरली: "नवीन पानं बारकी येत आहेत." आम्हाला वाटलं, पाणी कमी पडलं. खरं तर फुलण्याआधी घायपाताची पानं आखूड आणि अरुंद होतात. तुमच्या झाडाचं असं झालं तर पाण्याला धावू नका, कॅमेरा तयार ठेवा.

दांडा आल्यावर आम्ही उंची मोजायला घेतली. मीटरभराची काठी उभी करून तिची सावली, त्याच वेळी दांड्याची सावली, आणि गुणोत्तर. एका सोमवारी 2 मीटर 10 सेंमी, त्याच शुक्रवारी 2 मीटर 52. सहावीच्या मुलांचा विश्वास बसेना, दोनदा मोजलं. जानेवारीत दांडा पाच मीटरच्या वर गेला, फांद्या फुटल्या, हिरवट-पिवळी फुलं आली आणि सकाळी मधमाश्यांचा आवाज वर्गात ऐकू यायचा. इकडे खालची पानं सुरकुतत चालली होती. दहा वर्षांचा साठा वर चढत होता. दांडा कापला तर झाड वाचेल का, असं एका मुलाने विचारलं. कापला तर पानं काही काळ जास्त टिकतात, पण मधला कोंब संपलेला असतो, तिथून पुन्हा पान येत नाही. मग वर्गात मतदान झालं. कापायचा नाही, असं ठरलं.

वहीच्या पहिल्या पानावर 2014 च्या चौथीतल्या एका मुलीच्या अक्षरात वाक्य आहे: "याला फूल येईल तेव्हा मी सातवीत असेन." ती आता नर्सिंगला आहे. जानेवारीत मुद्दाम आली, दांड्याखाली उभी राहून फोटो काढला आणि म्हणाली, "मॅडम, माझा हिशेब फारच चुकला जी." मग वही मागून घेतली आणि त्याच वाक्याखाली तारीख टाकली.

सिसालानाला बी सहसा धरत नाही. फुलं गळाली की त्यांच्या जागी, फांदीवरच, छोटी छोटी हिरवी रोपटी येतात. एका दांड्यावर काही शेकड्यांपासून दोन हजारांपर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये ती टपटप खाली पडायला लागतात. बोटभर झालेली, निरोगी तेवढी निवडा, रेती-माती मिसळून पिशवीत किंवा वाफ्यात चार इंचांवर लावा, अर्ध्या सावलीत ठेवा, पावसात आडोसा द्या. वर्षभराने वीत-दीड वीत झाली की बाहेर उंचवट्यावर. सगळी लावायचा हट्ट धरू नका, जंगलाच्या कडेला फेकूही नका. हे झाड इथलं नाही, आणि एकदा रुजलं की फुटव्यांनी जागा बळकावतं.

ती रोपटी वेचताना पाचवीतल्या मुलाने विचारलेला प्रश्न मी अजून बाजूला ठेवलेला आहे. रोपटी बियांपासून झालेली नाहीत, त्याच झाडाचे तुकडे आहेत, असं मी सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग झाड मेलं का नाही जी?" एक मुलगी म्हणाली, मेलं, हे बघ वाळलं. दुसरा म्हणाला, मग हे हातात काय आहे? मी दोन्ही बाजू फळ्यावर लिहिल्या. मुलांनी तास संपल्यावरही वाद घातला आणि मधल्या सुट्टीत भांडणं झाली ती वेगळी.

सांगाडा मेमध्ये कुऱ्हाडीने काढला. दांडा वाळल्यावर हलका आणि आश्चर्य वाटेल इतका मजबूत असतो, आता तो ध्वनिक्षेपकाची तार टांगायला वापरतो. ढिगाऱ्यावर जुन्याच झाडाचं एक पिल्लू ठेवलं आहे. 41 रोपटी पिशव्यांत आहेत, कोणाला हवी असतील तर नागभीडला या, पावसाळा संपल्यावर. प्रत्येक रोपट्याबरोबर एक कोरी वही देतो.